रुग्णालयातली रिकामी टेबलं

२०१६च्या फेब्रुवारीत लॉर्ड कार्टर यांनी इंग्लंडमधल्या सरकारी रुग्णालयांच्या कारभाराचा अहवाल सादर केला. औषधखरेदी, परिचारिकांच्या पाळ्या, वीजबिलं अशा नेहमीच्या बाबी त्यात होत्याच. पण जागेबद्दलचा एक आकडा भल्याभल्यांना चक्रावून गेला. राष्ट्रीय आरोग्य सेवेची, म्हणजे एनएचएसची रुग्णालयं ‘ट्रस्ट’ नावाच्या संस्था चालवतात. अशा एका ट्रस्टमध्ये एकूण बांधकामापैकी १२ टक्के जागा उपचारांशी थेट संबंध नसलेल्या कामांसाठी होती, तर दुसऱ्या एका ट्रस्टमध्ये हेच प्रमाण ६९ टक्के होतं. दोन्हीकडे आजारी माणसंच येतात, दोन्हीकडे शस्त्रक्रिया होतात, दोन्हीकडे पगारपत्रकं निघतात. मग एवढी तफावत कशी?

कार्टर यांनी शिफारस केली ती अशी : उपचारेतर जागा ३५ टक्क्यांच्या वर नको, आणि रिकामी किंवा जेमतेम वापरातली जागा अडीच टक्क्यांच्या वर नको. त्यासाठी प्रत्येक ट्रस्टनं एप्रिल २०१७पर्यंत आराखडा करावा आणि एप्रिल २०२०पर्यंत तो अमलात आणावा. एक लाख चौरस मीटरच्या रुग्णालयात उपचारेतर जागा ४० टक्क्यांवरून ३५वर आणली, तर पाच हजार चौरस मीटर मोकळे होतात. एवढ्या जागेत नवा बाह्यरुग्ण विभाग उभा राहू शकतो, तोही नवी इमारत न बांधता.

रुग्णालयाच्या आवारातली जागा शहरातल्या साध्या कार्यालयापेक्षा कितीतरी महाग पडते. खाट जाईल एवढी लिफ्ट, ऑक्सिजनच्या नळ्या, हवा खेळती ठेवणारी यंत्रणा, वीज गेली तर क्षणात सुरू होणारा जनरेटर, चोवीस तासांची सफाई आणि पहारा, हा सगळा खर्च त्या इमारतीवर झालेला असतो. अशा इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर लेखा विभागाची वीस टेबलं असली आणि त्यातली दहा कायम रिकामी असली, तर तो खर्च रिकाम्या खुर्च्यांवर चाललेला असतो. दुसरीकडे त्याच संस्थांकडे गळकी छपरं आणि जुने बॉयलर दुरुस्त करायला पैसा नसतो. २०२३-२४ साली इंग्लंडमधल्या एनएचएसच्या इमारतींच्या तुंबलेल्या दुरुस्तीचा अंदाज १,३८० कोटी पौंडांवर गेला होता.

ही कोंडी फोडण्यासाठी ब्रिटनमधल्या अनेक आरोग्य संस्थांनी ‘अजाइल वर्किंग’चा मार्ग धरला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या स्क्रम आणि स्प्रिंटशी त्याचा संबंध नाही. इथली कल्पना साधी आहे. माणसाला पदानुसार टेबल किंवा केबिन द्यायची नाही. त्याच्या हातात त्या वेळी जे काम असेल, त्याला साजेशी जागा द्यायची. शांतपणे अहवाल लिहायचा आहे तर बोलणं वर्ज्य असलेली खोली, फोन करायचे आहेत तर बंद दाराची छोटी खोली, चौघांनी बसून पाळ्या लावायच्या आहेत तर मोठं टेबल, आणि रुग्णाच्या घरी जायचं आहे तर कार्यालयात यायचीच गरज नाही.

टेबलं मोजायची कशी?

ही कल्पना एनएचएसनं शोधलेली नाही. फ्रँक डफी या ब्रिटिश वास्तुविशारदानं सहकाऱ्यांबरोबर १९७०च्या दशकात लंडनमध्ये डीईजीडब्ल्यू ही संस्था काढली. कार्यालयं प्रत्यक्षात वापरली कशी जातात, हे ती मोजू लागली. नेदरलँड्समधल्या टिलबर्ख शहरात इंटरपोलिस या विमा कंपनीनं १९९०च्या दशकात एरिक फेल्डहून यांच्या सल्ल्यानं नेमून दिलेली टेबलंच रद्द केली आणि कामानुसार बसण्याच्या जागा केल्या. ते कार्यालय पाहायला देशोदेशीचे लोक येऊ लागले.

मोजणीची पद्धत आजही जवळपास तीच आहे. एक-दोन आठवडे दर तासाला कुणीतरी संपूर्ण मजल्यावरून फेरी मारतं आणि प्रत्येक टेबलापुढे तीनपैकी एक नोंद करतं : माणूस बसलेला आहे, माणूस नाही पण त्याच्या खुणा आहेत, किंवा टेबल पूर्ण रिकामं आहे. खुणा म्हणजे खुर्चीवरचा कोट, उघडी वही, अर्धा प्यालेला चहा. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसाच हा प्रकार. माणूस दोन तासांच्या बैठकीला गेलेला असतो, पण रुमाल टाकलेला असल्यामुळे दुसरा कुणी बसत नाही.

अशा पाहण्यांचा निष्कर्ष जवळपास सगळीकडे सारखाच निघतो. नेमून दिलेली टेबलं कामाच्या वेळेत साधारण निम्मा वेळच वापरात असतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण, बैठका, वॉर्डातली फेरी, दुसऱ्या रुग्णालयातलं काम हे सगळं वजा केलं की टेबलाशी घालवलेला वेळ फारच थोडा उरतो. गंमत म्हणजे हे कर्मचाऱ्यांना पटत नाही. ‘मी दिवसभर इथंच असतो,’ असं प्रत्येकाला मनापासून वाटतं. म्हणून विचारून भागत नाही, मोजावंच लागतं.

मोजलेल्या आकड्यांतूनही चुकीचा अर्थ निघू शकतो. सरासरी ४५ टक्के वापर दिसला म्हणून १०० माणसांना ४५ टेबलं दिली, तर निम्मे दिवस लोक हातात लॅपटॉप घेऊन उभे राहतील. टेबलं सरासरीवर ठरवता येत नाहीत, गर्दीच्या वेळेवर ठरवावी लागतात. आणि गर्दी किती होणार, हे किती माणसं एकत्र मिळून जागा वापरतात त्यावर ठरतं.

हिशेबासाठी १०० जणांचा विभाग घेऊ. प्रत्येक जण ४५ टक्के वेळ टेबलाशी असतो आणि कुणी कधी बसावं याचा एकमेकांशी संबंध नाही, असं धरू. सगळ्यांनी मिळून एकच मजला वापरला, तर कोणत्याही क्षणी ६०हून जास्त टेबलं लागण्याची शक्यता हजारात एक एवढीच येते. म्हणजे ६० टेबलांत काम भागतं. आता याच १०० जणांच्या दहा-दहांच्या दहा तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीला स्वतंत्र खोलीत सहा-सहा टेबलं द्या. एकूण टेबलं तीच ६०, पण आता प्रत्येक खोलीत दहातून एकदा तरी टेबल कमी पडेल. ही अडचण हजारात चार-पाच वेळांवर आणायची, तर प्रत्येक खोलीत आठ टेबलं लागतात, म्हणजे एकूण ८०. माणसं तीच, काम तेच, फक्त मधल्या भिंतींपायी वीस टेबलं वाढली.

प्रत्यक्षात माणसं अशी स्वतंत्रपणे येत नाहीत. सोमवारी सकाळी सगळ्यांची बैठक असते, महिनाअखेर पगार विभाग ओसंडून वाहतो, शुक्रवारी दुपारी शुकशुकाट असतो. म्हणून हुशार व्यवस्थापक आधी वेळापत्रकाला हात घालतात. दोन विभागांच्या बैठका एकाच दिवशी असतील तर एकीचा वार बदलतात. केवळ एका बैठकीचा वार बदलल्यानं कधीकधी दहा टेबलांची गरज संपते. ब्रिटिश सरकारी कार्यालयांत दहा पूर्णवेळ माणसांमागे आठ टेबलं हे प्रमाण मानक म्हणून वापरलं गेलं. आरोग्य संस्थांना मात्र एकच प्रमाण सगळीकडे लावून चालत नाही. टेलिफोनवर दिवसभर अपॉइंटमेंट देणाऱ्या कर्मचाऱ्यांना दहांमागे दहा टेबलं लागतात, तर घरोघरी फिरणाऱ्या परिचारिकांना दहांमागे चारही पुरतात.

कागदानं अडवलेल्या खोल्या

माणसांच्या टेबलांइतकीच जागा कागद खातात. ब्रिटनमध्ये याचं ठळक उदाहरण म्हणजे ‘लॉइड जॉर्ज पाकीट’. तेव्हाचे अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकारानं १९११ साली राष्ट्रीय विमा कायदा झाला आणि कामगारांना फॅमिली डॉक्टरची सेवा मिळू लागली. त्यांच्या नोंदी ठेवण्यासाठी लहान वहीच्या आकाराचं जाड बदामी पाकीट पुढे रूढ झालं. पुढे एनएचएस आली, एक्स-रेचे अहवाल आले, विशेषज्ञांची लांबलचक पत्रं आली, पण पाकिटाचा आकार बदलला नाही. मोठा कागद तीन-चार घड्या घालून त्यात कोंबायचा आणि पाकीट फुगलं की दोरीनं बांधायचं, असा रिवाज पडला. रुग्णानं गाव बदललं की पाकीटही नव्या डॉक्टरकडे रवाना व्हायचं.

शंभर वर्षांत अशी कोट्यवधी पाकिटं साठली. गल्लीतल्या दवाखान्यातही छतापर्यंत भिडलेली कपाटं आणि त्यांच्या वजनाचा विचार करून मजबूत केलेली जमीन लागायची. नोंदी संगणकावर येऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पाकिटं तशीच होती, कारण जुना इतिहास त्यांच्यातच होता. अखेर ही पाकिटं स्कॅन करून हलवण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला आणि जानेवारी २०२१पासून नव्या रुग्णांसाठी नवी पाकिटं देणंही बंद झालं. ज्या दवाखान्यांनी पाकिटं हलवली, त्यांच्याकडे रेकॉर्डची खोली मोकळी झाली. त्या खोलीत बेसिन बसवलं, तपासणीचं टेबल टाकलं, की आणखी एका डॉक्टरची किंवा परिचारिकेची ओपीडी सुरू होते. जागेच्या नियोजनातला इतका सरळ फायदा दुसऱ्या कशातून क्वचितच मिळतो.

आपल्याकडेही मोठ्या रुग्णालयांत रेकॉर्ड विभाग बहुधा तळघरात किंवा जिन्याखाली असतो आणि केसपेपरांचे गठ्ठे वर्षानुवर्षं तसेच असतात. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपाव्यात, असं भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमावलीत आहे. पोलिस केस आणि कोर्टकचेरीच्या प्रकरणांची गोष्ट वेगळी. पण कोणता गठ्ठा काढून टाकता येईल, हे ठरवण्याची जबाबदारी कुणी अंगावर घेत नाही. त्यामुळे सगळेच गठ्ठे राहतात आणि त्यांच्यासाठी खोली अडून राहते.

दहा सेकंदांचं मोल

नेमून दिलेलं टेबल काढून घेतलं आणि तंत्रज्ञान जुनंच ठेवलं, तर अजाइल वर्किंगचा बोजवारा उडतो. डॉक्टर वॉर्डातल्या कुठल्याही संगणकावर बसला, तरी त्याला आपल्या रुग्णांची माहिती लगेच दिसली पाहिजे. हे बोलायला सोपं आहे. एनएचएसमध्ये रक्ततपासणीसाठी एक प्रणाली, एक्स-रेसाठी दुसरी, औषधांसाठी तिसरी, आणि प्रत्येकीचा पासवर्ड वेगळा अशी परिस्थिती होती. एकेका पाळीत काही जणांना १५ निरनिराळ्या ठिकाणी लॉगइन करावं लागे. जानेवारी २०२०मध्ये ब्रिटिश सरकारनं केवळ लॉगइनचा वेळ कमी करण्यासाठी ४ कोटी पौंड जाहीर केले. तेव्हा लिव्हरपूलच्या आल्डर हे बाल रुग्णालयाचा दाखला दिला गेला. तिथं एकदाच ओळख पटवण्याची सोय केल्यावर लॉगइनचा वेळ एक मिनिट ४५ सेकंदांवरून दहा सेकंदांवर आला. दिवसाला सुमारे पाच हजार लॉगइन होत असल्यामुळे रोजचे १३० तासांहून अधिक वाचले.

टेबलांच्या चर्चेत हा आकडा का महत्त्वाचा? जिथं लॉगइनला दोन मिनिटं लागतात, तिथं माणूस एकदा मिळालेला संगणक सोडत नाही. तो उठून जातानाही स्क्रीन चालू ठेवतो, कारण परत येऊन सगळा खटाटोप कुणी करायचा? त्यामुळे टेबल अडतं आणि रुग्णाची माहितीही उघडी पडते. कार्ड टेकवलं की काम सुरू आणि कार्ड उचललं की स्क्रीन बंद, अशी सोय झाली की माणूस सहज उठतो. ‘टेबल अडवू नका’ असे फलक लावून जे साधत नाही, ते या दहा सेकंदांनी साधतं. वॉर्डात चाकांच्या गाडीवर ठेवलेला संगणक खाटेशेजारी नेण्याची पद्धतही याच विचारातली. नोंद करण्यासाठी डॉक्टरनं मागच्या खोलीत जायचं आणि तिथं टेबल मिळेपर्यंत थांबायचं, हे त्यामुळे टळतं.

ज्यांना टेबलाची गरज कधीच नव्हती

आरोग्यसेवेतल्या कितीतरी माणसांचं काम मुळातच टेबलावर नसतं. १८५९ साली लिव्हरपूलमधले व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमलं. रॅथबोन यांच्या आजारी पत्नीची शेवटच्या दिवसांतली देखभाल तिनंच केली होती. ब्रिटनमधल्या ‘डिस्ट्रिक्ट नर्स’ परंपरेची सुरुवात इथून मानतात. या परिचारिकेचं कार्यालय म्हणजे तिची पिशवी आणि तिच्या वाट्याचा वाडीवस्तीचा भाग.

संगणक आल्यावर हीच परिचारिका टेबलाला बांधली गेली. तिचा दिवस असा जाई : सकाळी केंद्रावर येऊन यादी घ्यायची. पहिल्या घरी मधुमेही आजोबांना इन्सुलिन द्यायचं, दुसऱ्या घरी पायावरच्या जुनाट जखमेची पट्टी बदलायची, तिसऱ्या घरी कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाचा सिरिंज ड्रायव्हर, म्हणजे वेदनाशामक औषध थेंबाथेंबानं सोडणारा छोटा पंप, तपासायचा. प्रत्येक घरी ठेवलेल्या फाइलमध्ये हातानं नोंद करायची. मग दुपारी गाडी चालवत पुन्हा केंद्रावर यायचं, मोकळा संगणक शोधायचा आणि तेच सगळं पुन्हा टाइप करायचं.

हातात टॅब्लेट किंवा लॅपटॉप आल्यावर ही दुहेरी नोंद टळते. रेंज नसलेल्या खेड्यात माहिती यंत्रातच साठते आणि रेंज मिळाली की मुख्य प्रणालीत जाते. केंद्रावरची फेरी वाचली की आणखी एखाद-दोन घरं होतात, पेट्रोल वाचतं आणि केंद्रातलं टेबलही मोकळं होतं. एकाच बदलातून रुग्ण, कर्मचारी आणि संस्था अशा तिघांचाही लाभ होतो.

मात्र इथंच सर्वांत मोठी चूकही होते. टेबल मोकळं झालं म्हणून काही संस्थांनी केंद्रच बंद करण्याचा विचार केला. तसं झालं की परिचारिका गाडीतच डबा खाते, गाडीतच फोन घेते आणि राहिलेल्या नोंदी रात्री नऊला स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पूर्ण करते. कागदोपत्री जागा वाचलेली दिसते, पण खरं तर ती जागा परिचारिकेच्या घरातून घेतलेली असते. शिवाय महिनोन्‌महिने शुश्रूषा केलेला रुग्ण गेला, तर दोन शब्द बोलायला शेजारी कुणी नसतं. नवख्या परिचारिकेला ‘ही जखम अशी का दिसते?’ असं विचारायला अनुभवी सिस्टर समोर नसते.

नेदरलँड्समधल्या ब्यूर्टझोर्ख या संस्थेनं याचं वेगळं उत्तर शोधलं. योस द ब्लोक या परिचारकानं २००६ साली ती सुरू केली. घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या जास्तीत जास्त बारा जणांचा एक स्वायत्त गट, असे गट वाढत जाऊन परिचारकांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली. एवढ्या पसाऱ्याचा कारभार मुख्य कार्यालयातले सुमारे ५० लोक बघत. जागेचा सगळा भार मुख्यालयातून काढला, पण गटांना वाऱ्यावर सोडलं नाही. प्रत्येक गट आपल्या वस्तीत एक छोटं कार्यालय स्वतः भाड्यानं घेतो. बारा जणांना बारा टेबलं लागत नाहीत, पण भेटायला एक ठिकाण मात्र लागतं.

जिथं फसलं

अमेरिकेतल्या चायट-डे या जाहिरात संस्थेचा प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. जे चायट यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यात लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या कार्यालयांतली सगळी नेमलेली टेबलं काढून टाकली. सकाळी यायचं, काउंटरवरून लॅपटॉप आणि फोन घ्यायचा आणि मिळेल तिथं बसायचं. पण लॅपटॉप आणि फोन पुरेसे नव्हते. लोक भल्या पहाटे येऊन ते घेऊन लपवून ठेवू लागले, फायली गाडीच्या डिकीत ठेवू लागले. काही वर्षांतच हा प्रयोग गुंडाळावा लागला. माणसं टेबलं सोडायला तयार नव्हती म्हणून तो फसला, हे अर्धसत्य आहे. टेबलाच्या बदल्यात जे द्यायला हवं होतं ते दिलंच नव्हतं.

मोकळ्याढाकळ्या कार्यालयात माणसं जास्त बोलतात, हा समजही तपासून बघायला हवा. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन या हार्वर्डच्या संशोधकांनी दोन मोठ्या कंपन्यांत भिंती काढण्याआधी आणि नंतर कर्मचाऱ्यांच्या अंगावर सेन्सर लावून मोजणी केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं आणि ई-मेल वाढले. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत असं वाटलं की माणूस कानाला हेडफोन लावतो.

रुग्णालयात तर बोलण्याचा विषयच नाजूक असतो. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांच्या घरी जाणारी परिचारिका, एखाद्या बाळाच्या अंगावरच्या जखमांबद्दल फोनवर बोलत असेल, तर ते शेजारच्या टेबलावरच्या बिलिंग क्लार्कला ऐकू जाता कामा नये. रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेबद्दल फिओना कॅल्डिकॉट यांच्या समितीनं १९९७ साली तत्त्वं घालून दिली. त्यानंतर एनएचएसच्या प्रत्येक संस्थेत या गोपनीयतेसाठी जबाबदार असा एक वरिष्ठ अधिकारी नेमला जाऊ लागला. तरीही मोकळ्या मजल्याचा नकाशा काढताना बंद दाराच्या खोल्या सर्वांत आधी कापल्या जातात, कारण चौरस मीटरच्या हिशेबात त्या महाग दिसतात.

विशेषज्ञ डॉक्टरांच्या केबिनचा प्रश्न आणखी अवघड. ते ओपीडीत, वॉर्डात किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये असतात, त्यामुळे मोजणीत त्यांच्या केबिन हमखास रिकाम्या दिसतात. पण रुग्णाच्या नातेवाइकांना वाईट बातमी सांगायची, कनिष्ठ डॉक्टरला त्याची चूक चारचौघांत नव्हे तर एकट्याला सांगायची, ती त्याच केबिनमध्ये. केबिन काढायची असेल, तर या कामांसाठी जवळच, कुणालाही लगेच मिळेल अशी खोली हवी. नाहीतर या गोष्टी जिन्यात किंवा कॉरिडॉरमध्ये होतात. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी १९७०च्या दशकात दाखवून दिलं की, माणसांतलं अंतर वाढत गेलं की कामासंबंधीचं बोलणं झपाट्यानं घटतं आणि ५० मीटरच्या पुढे ते जवळपास थांबतं. ओपीडीपासून दूर, दुसऱ्या इमारतीत सुंदर बैठक कक्ष बांधला, तरी तिथपर्यंत कुणी जात नाही ते यामुळेच.

आणि विश्रांतीची खोली? रात्रपाळीनंतर घरी गाडी चालवत जाणाऱ्या डॉक्टरांचे अपघात, हा ब्रिटनमध्ये गंभीर प्रश्न झाला होता. ब्रिटिश मेडिकल असोसिएशननं २०१८मध्ये थकवा आणि सोयींबद्दलची सनद काढली ती त्याच पार्श्वभूमीवर. जागेच्या नकाशावर विश्रांतिगृह ‘उपचारेतर’ ठरतं, म्हणजे ३५ टक्क्यांत मोजलं जातं. आकड्याच्या मागे लागलं की पहिला घाव तिथं पडतो. पण पेंगुळलेल्या डॉक्टरच्या हातून औषधाचा डोस चुकला, तर त्याची किंमत चौरस मीटरमध्ये मोजता येत नाही.

तपासणीच्या खोल्यांची वाटणी

जागेची उधळपट्टी फक्त कार्यालयांत होते असं नाही. ब्रिटनमधल्या आरोग्य केंद्रांत एखादी खोली पायाच्या विकारांच्या क्लिनिकला दिलेली असते, ते क्लिनिक आठवड्यातून एकदा भरतं आणि उरलेले दिवस खोलीला कुलूप असतं. शेजारीच दुसऱ्या सेवेला खोली मिळत नाही म्हणून तिच्या रुग्णांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. एनएचएस प्रॉपर्टी सर्व्हिसेस या सरकारी मालमत्ता कंपनीनं म्हणून ‘ओपन स्पेस’ नावाची सोय काढली. तीत मोकळ्या खोल्या ऑनलाइन बघून तासावर घेता येतात.

यातलं तंत्र आपल्याला मुळीच नवीन नाही. पुण्या-मुंबईत, नाशिकला किंवा मडगावला कुठल्याही पॉलिक्लिनिकच्या दारावरची पाटी वाचा. हाडांचे डॉक्टर मंगळवार-शुक्रवार सायंकाळी पाच ते सात, त्वचेचे बुधवारी, कान-नाक-घशाचे शनिवारी सकाळी. टेबल तेच, खुर्ची तीच, रिसेप्शनवरची मुलगी तीच. फक्त डॉक्टरांच्या नावाची पाटी बदलते. जागेच्या भावानं हे तंत्र आपल्या खासगी डॉक्टरांच्या अंगवळणी पाडलं आहे. सरकारी रुग्णालयांत मात्र खोली एकदा विभागाच्या नावावर चढली की सातबाऱ्यावर नाव लागल्यासारखी कायमची होते, कारण तिथं रिकाम्या खोलीचं भाडं कुणालाच भरावं लागत नाही. ब्रिटनमधल्या काही ट्रस्टनी म्हणूनच विभागांच्या अंदाजपत्रकात जागेचा खर्च दाखवायला सुरुवात केली. खोलीमागे पैसे मोजावे लागले की ‘ती असू द्या, कधीतरी लागेल’ हे म्हणणं आपोआप मागे पडतं.

साथीनं लावलेला वेग

वर्षानुवर्षं रेंगाळलेल्या गोष्टी मार्च २०२०मध्ये काही दिवसांत झाल्या. कोविडची लाट आल्यावर एनएचएसच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांना मायक्रोसॉफ्ट टीम्स उपलब्ध करून दिलं गेलं. लेखा, खरेदी, मनुष्यबळ या विभागांतली माणसं घरून काम करू लागली आणि पगार वेळेवर झाले, बिलं चुकती झाली. कार्यालयाची जागा रुग्णालयाच्या आवारातच हवी, या युक्तिवादात फारसं बळ उरलं नाही. २०२१च्या सप्टेंबरपासून एनएचएसच्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक कामाची मागणी करण्याचा हक्क मिळाला; देशातल्या सर्वच नोकरदारांना तो एप्रिल २०२४मध्ये कायद्यानं मिळाला.

पण साथीनं दुसरी बाजूही दाखवली. सामायिक टेबलं म्हणजे सामायिक कीबोर्ड आणि सामायिक जंतू. ते रोज पुसायचे कुणी, सफाई कामगारानं की बसणाऱ्यानं, हे ठरलेलं नसेल तर कुणीच पुसत नाही. शिवाय घरून काम करण्याची चैन सगळ्यांना नसते. रिसेप्शनिस्ट, वॉर्डबॉय, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, परिचारिका यांना यावंच लागतं. व्यवस्थापक घरून काम करतात आणि आम्हाला मात्र लॉकरही मिळत नाही, ही भावना एकदा रुजली की कितीही चांगली योजना लोकांच्या मनातून उतरते. म्हणून ज्या संस्थांनी जागा मोकळी झाल्यावर आधी पाळीवरच्या कर्मचाऱ्यांची चहाची खोली आणि लॉकर सुधारले, त्यांना पुढचा विरोध कमी झाला.

या सगळ्या खटाटोपाचं यश मोजायचं कसं? किती टेबलं कमी केली, हा आकडा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा आहे. त्याऐवजी दोन गोष्टी तपासाव्यात. मोकळ्या झालेल्या खोलीत सहा महिन्यांनी काय चालतं? तिथं तपासणी सुरू असेल, रुग्णाला महिनाभर आधीची तारीख मिळत असेल, तर काम सत्कारणी लागलं. तिथं जुने प्रिंटर आणि मोडक्या खुर्च्या साठल्या असतील, तर नुसती अडगळीची जागा वाढली. आणि ज्याचं टेबल काढून घेतलं, त्याला आपलं काम आता आधीपेक्षा सोपं वाटतं का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर वाचलेली जागा कुणाच्या तरी गाडीतून, घरातून किंवा झोपेतून आलेली आहे, आणि ती उसनवारी आज ना उद्या रुग्णालाच फेडावी लागते.